बालमधुमेह, इन्सुलिन पंप आणि निवासी शाळा

निवासी शाळेपुढे प्रवेशाच्या काळात जे प्रश्न उभे राहतात, त्यांत अलीकडे एका प्रश्नाची भर पडली आहे. मधुमेह असलेले, दररोज इन्सुलिन घ्यावे लागणारे मूल वसतिगृहात ठेवून घ्यावे की नाही? पुष्कळ ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर विचार करण्यापूर्वीच दिले जाते आणि ते नकारार्थी असते. "जबाबदारी कोण घेणार?" एवढे एकच वाक्य उच्चारून मुलाची फाईल पालकाच्या हाती परत दिली जाते. ज्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे आणि ज्या गावात सातवीपुढे शाळा नाही, तेथील मुलाच्या शिक्षणाचा मार्ग अशा एका नकाराने कायमचा बंद होऊ शकतो.

आम्ही वैद्यकीय व्यवसायातील नाही. इतिहास हा आमचा विषय. तथापि गेल्या काही वर्षांत बालमधुमेह असलेले दोन विद्यार्थी आमच्या वर्गात आणि वसतिगृहात राहून शिकले. त्यांतील मुलगा पेनच्या साहाय्याने इन्सुलिन घेत असे. मुलीच्या कमरेला इन्सुलिन पंप होता. त्यांच्या डॉक्टरांकडून, पालकांकडून आणि सर्वांत अधिक त्या मुलांकडून आम्ही जे शिकलो, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. औषधाची मात्रा ठरविणे हे डॉक्टरांचे काम आहे. ते येथे अभिप्रेत नाही. अशा मुलाच्या भोवती राहणाऱ्यांना काय ठाऊक असले पाहिजे, एवढेच सांगण्याचा हेतू आहे.

हा मधुमेह कोणता?

मधुमेह आपल्या समाजाला अपरिचित नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा विकार होता. संविधानाच्या मसुद्याच्या काळातच पायांतील वेदनांनी त्यांची झोप हिरावून घेतली होती आणि त्यांना इन्सुलिन घ्यावे लागत असे, हे चरित्राच्या वाचकांना ठाऊक आहे. १९४८ साली त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांच्या पथ्यपाण्याकडे बारकाईने लक्ष देत. परंतु प्रौढ वयात जडणारा मधुमेह आणि बालवयात अवतरणारा मधुमेह यांत मूलभूत भेद आहे. प्रौढांच्या मधुमेहात शरीर बहुधा काही प्रमाणात इन्सुलिन तयार करीत असते, मात्र ते अपुरे पडते किंवा त्याचा नीट उपयोग होत नाही. बालमधुमेहात, ज्याला डॉक्टर 'टाईप १' म्हणतात, शरीराची संरक्षणव्यवस्थाच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. अन्नातील साखर रक्तात येते, पण इन्सुलिनवाचून ती पेशींना वापरता येत नाही. मूल सारखे पाणी मागते, वारंवार लघवीला जाते, भरपूर जेवूनही वाळत जाते. निदान वेळेवर झाले नाही तर प्राण जातो.

हा विकार अधिक गोड खाल्ल्याने होत नाही. तो संसर्गजन्य नाही. तो मागील जन्मीच्या पापाचे फळ तर मुळीच नाही. कार्यकारणभावाचा विचार ज्या धम्माने आपल्याला दिला, त्याच्या अनुयायांनी तरी आजारी मुलाच्या आईपुढे असले शब्द उच्चारू नयेत. याहूनही घातक असतो तो जडीबुटीने, अंगाऱ्याने किंवा कसल्याशा रसाने "इन्सुलिन बंद करून दाखवतो" असे सांगणारा माणूस. टाईप १ मधुमेहात बाहेरून इन्सुलिन देण्याला आजमितीस पर्याय नाही. ते पूर्णतः बंद केल्यास मूल काही दिवसांतच मृत्यूच्या दारात पोहोचते.

शंभर वर्षांचा इतिहास

इन्सुलिनपूर्व काळात या मुलांसाठी डॉक्टरांच्या हाती जवळजवळ उपासमारीचा आहार एवढाच उपाय होता. त्याने मृत्यू थोडा लांबत असे. १९२१ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठात प्रा. मॅक्लाऊड यांच्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडापासून अर्क मिळविला; जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या, अस्थिपंजर झालेल्या मुलाला तो टोचण्यात आला. पहिल्या अशुद्ध अर्काने फारसे साधले नाही. कॉलिप यांच्या शुद्ध अर्काने मात्र त्याची रक्तशर्करा उतरली आणि तो पुढे तेरा वर्षे जगला. संशोधकांनी या शोधाचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला अवघ्या एकेक डॉलरला दिले. जीव वाचविणारे औषध कोणा एकाची मिरास होऊ नये, ही त्यामागील भावना होती. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तोच दिवस बालदिन असल्याने शाळांना या विषयासाठी वेगळे निमित्त शोधण्याची गरज नाही.

पंपाची कल्पना १९६० च्या दशकातील. अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी बनविलेले आरंभीचे यंत्र पाठीवरच्या पिशवीएवढे अवजड होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लंडनमधील डॉक्टरांनी त्वचेखाली अखंड इन्सुलिन सोडण्याची पद्धत रुग्णांवर यशस्वी करून दाखविली आणि यंत्र हळूहळू खिशात मावू लागले. १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका व कॅनडात १,४४१ रुग्णांवर एक दीर्घ अभ्यास झाला. दिवसातून तीन किंवा अधिक इंजेक्शने घेऊन अथवा पंप वापरून ज्यांनी साखर काटेकोर सांभाळली, त्यांच्यात डोळ्यांचे विकार सुमारे तीन चतुर्थांशाने आणि मूत्रपिंडाचे विकार निम्म्याने कमी झाल्याचे त्यातून सिद्ध झाले. दोन्ही मार्गांनी हे साधले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी.

पंप काय करतो आणि काय करीत नाही

पंप हे छोट्या मोबाईलएवढे यंत्र आहे. ते कमरपट्ट्याला किंवा खिशात असते. आतील कुपीत जलद परिणाम करणारे इन्सुलिन भरलेले असते. तेथून निघणारी बारीक नळी पोट, मांडी किंवा नितंब येथील त्वचेखाली बसविलेल्या मऊ नळीपर्यंत जाते. ही मऊ नळी म्हणजे कॅन्युला. ती दर दोन-तीन दिवसांनी, हात स्वच्छ धुऊन, नव्या जागी बसवावी लागते. त्याच त्या जागी बसविल्यास त्वचेखाली गाठी होतात आणि इन्सुलिन नीट शोषले जात नाही.

पंप दोन प्रकारे इन्सुलिन देतो. दिवसरात्र थेंबाथेंबाने जी धार चालू असते तिला 'बेसल' म्हणतात. शरीराला न जेवताही लागणाऱ्या इन्सुलिनची ती भरपाई असते. जेवणाच्या वेळी बटण दाबून जी मात्रा द्यावी लागते ती 'बोलस'. पेन वापरणारे मूल हेच काम दिवसातून चार किंवा अधिक इंजेक्शनांनी करते. पंपामुळे सुया टोचणे कमी होते, पहाटे वाढणाऱ्या साखरेसाठी त्या वेळची धार वाढविता येते, खेळाच्या वेळी ती कमी करता येते आणि युनिटच्या अगदी लहान अंशाइतकी मात्राही देता येते.

परंतु साधा पंप स्वतः विचार करीत नाही. मुलाने काय खाल्ले, ते धावले की झोपले, त्याला ताप आहे की परीक्षेची धास्ती, हे त्याला कळत नाही. अलीकडचे काही पंप त्वचेवरील सेन्सरशी जोडलेले असून साखरेच्या मोजमापानुसार बेसल आपोआप कमीअधिक करतात. अमेरिकेत अशा पहिल्या पंपाला २०१६ साली मान्यता मिळाली. तरीही जेवणाची सूचना त्यांनाही माणसानेच द्यावी लागते.

वसतिगृहातील दिनक्रम

सकाळी उठताच रक्तशर्करा पाहणे हे पहिले काम. स्नानाच्या वेळी पंप काढून ठेवता येतो. फक्त तो कोरड्या, ठरलेल्या जागी ठेवावा आणि स्नान होताच पुन्हा जोडावा. साधारण तासाभराहून अधिक काळ पंप वेगळा ठेवू नये, असे आम्हांस सांगण्यात आले होते आणि अधीक्षिकाबाईंच्या खोलीत तसा फलकच लावलेला असे.

न्याहारी व जेवणाच्या वेळी खरा हिशेब येतो. रक्तातील साखर मुख्यतः अन्नातील कर्बोदकांमुळे वाढते. म्हणून ताटात ती किती आहेत हे अजमावावे लागते. ४० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात. एखाद्या मुलाला डॉक्टरांनी १० ग्रॅमला १ युनिट असे प्रमाण ठरवून दिले असेल, तर त्या भाकरीला २.८ युनिट लागतील. पेनने ३ युनिट द्यावे लागतात. पंप नेमके २.८ देऊ शकतो. हे प्रमाण प्रत्येक मुलाचे वेगळे असते आणि एकाच मुलाचे सकाळ-संध्याकाळ वेगळे असू शकते. आमच्या स्वयंपाकघरातील मावशींनी यासाठी भाकरीच्या पिठाचे एक माप आणि भाताची एक वाटी ठरवून ठेवली होती. शालेय गणितातील त्रैराशिकाचा इतका जिवंत उपयोग आम्ही अन्यत्र पाहिलेला नाही.

गोड पदार्थांविषयी दोन शब्द. बुद्धपौर्णिमेला सर्व मुले खिरीचे द्रोण घेऊन बसलेली असताना एका मुलीला "तुला नाही हं" म्हणून बाजूला बसविणे क्रूरपणाचे आहे आणि अनावश्यकही. खिरीतील तांदूळ व साखर यांचा अंदाज घेऊन, तेवढा बोलस देऊन ती वाटीभर खीर खाऊ शकते. रोज गोड खाणे कोणाच्याच हिताचे नाही. पण पंगतीतून उठविले जाणे ही गोष्ट आपल्या समाजाला निराळी समजावून सांगावी लागू नये.

खेळाच्या तासाला कबड्डी, खो-खो खेळताना शरीर साखर वेगाने वापरते. खेळापूर्वी साखर पाहावी, डॉक्टरांच्या सूचनेनुसार धार कमी करावी किंवा थोडे खावे. झटापटीच्या खेळात पंप काढून शिक्षकांकडे द्यावा. खेळाचा परिणाम कित्येक तास टिकतो; म्हणून क्रीडास्पर्धेच्या दिवशी रात्रीही एकदा साखर तपासणे शहाणपणाचे. मुलींच्या बाबतीत मासिक पाळीच्या दिवसांत इन्सुलिनची गरज बदलते, हे अधीक्षिकांना माहीत असावे. झोपताना पंप कमरेलाच राहतो.

दोन संकटे

पहिले संकट साखर उतरण्याचे. हात थरथरणे, घाम, भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. वर्गात एखादे मूल एकाएकी उद्धट किंवा सुस्त झाले तर रागावण्यापूर्वी त्याची साखर पाहावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे सुमारे तीन चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. अद्याप कमी असल्यास तेच पुन्हा करावे. बिस्किट वा चॉकलेट यांतील साखर सावकाश चढते. त्यांवर विसंबू नये. मुलाला एकटे खोलीवर पाठवू नये. मूल बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. कुशीवर निजवावे, पंप थांबवावा किंवा काढावा आणि तत्काळ रुग्णालयात न्यावे.

दुसरे संकट उलट प्रकारचे आहे आणि पंपाच्या बाबतीत ते विशेष महत्त्वाचे. पेन वापरणाऱ्या मुलाच्या शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचा साठा असतो. पंपात फक्त जलद इन्सुलिन असते. नळी मुडपली, कॅन्युला निसटली किंवा कुपी संपली, तर काही तासांतच शरीर इन्सुलिनविना राहते, चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन नावाची आम्ले साठतात. पोटदुखी, उलट्या, खोल धापा, श्वासाला पिकल्या फळासारखा वास ही त्याची चिन्हे. साखर २५० च्या वर जाऊन खाली येत नसेल तर पंपावर विश्वास न ठेवता कीटोनची पट्टी पाहावी, डॉक्टरांनी लिहून दिलेली मात्रा पेनने किंवा सिरिंजने द्यावी आणि कॅन्युला बदलावी. उलट्या सुरू झाल्यास थांबू नये, रुग्णालय गाठावे. मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणे ही सर्वत्र आढळणारी आणि जीवघेणी समजूत आहे.

येथे आपल्या देशापुरती एक सावधगिरी आवश्यक आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतांच्या मिळतात : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. पंपात १०० युनिटचे इन्सुलिन असते. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटसाठी, नारिंगी टोपणाची १०० युनिटसाठी असते. घाईत यांची अदलाबदल झाल्यास मात्रा अडीचपट चुकते. म्हणून आपत्कालीन पेटीत एकाच प्रकारची बाटली आणि तिच्याच जोडीची सिरिंज असावी.

उन्हाळा, प्रवास आणि परीक्षा

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे; ते गोठता कामा नये. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वीज नसताना ओल्या वाळूत ठेवलेला मातीचा माठ हा आपल्या आजीच्या काळचा उपाय आजही कामी येतो. त्यात बाटली कोरड्या डब्यात घालून ठेवावी. पंपही रखरखत्या उन्हात उघडा राहू देऊ नये. साखर विनाकारण वाढू लागल्यास उष्णतेने इन्सुलिन निकामी झाले असेल, अशी शंका घ्यावी.

सहलीला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर जाताना रांगा लांब, जेवण अवेळी आणि चालणे अधिक असते. तेव्हा दुप्पट साहित्य, पेन, ग्लुकोज, पाणी आणि बॅटरी मुलाच्या सोबतच्या शिक्षकाच्या खांद्यावरील पिशवीत असावी. बसच्या टपावर नव्हे. मुलाच्या खिशात आजाराचे नाव, पालक व डॉक्टर यांचे दूरध्वनी क्रमांक असलेले कार्ड असावे.

परीक्षागृहात पंपाचा गजर वाजला तर पर्यवेक्षकास ते कॉपीचे साधन वाटण्याचा संभव असतो. म्हणून डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह केंद्रप्रमुखांना आधीच लेखी कळवावे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ पासून दहावी-बारावीच्या टाईप १ मधुमेही विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळ, अल्पोपाहार व पाणी सोबत नेण्याची मुभा दिली आहे. अन्य मंडळांच्या शाळांनीही हा दाखला देऊन लेखी परवानगी मागावी.

पंप नसेल तर?

पंपाची किंमत काही लाख रुपयांच्या घरात आहे आणि त्याला लागणाऱ्या साहित्यावर दरमहा हजारो रुपये खर्च होतात. आपल्या बहुसंख्य पालकांना ते झेपणारे नाही. आमच्या विद्यार्थिनीचा पंपही नातलगांनी आणि देणगीदारांनी मिळून घेतला होता. कर्ज काढून पंप घ्यावा आणि पुढे कॅन्युलाला पैसे नाहीत म्हणून ती आठवडाभर बदलू नये, यापेक्षा पेन किंवा सिरिंजने नियमित इन्सुलिन घेणे केव्हाही श्रेयस्कर. वर सांगितलेला अभ्यास हेच सांगतो की दोन्ही मार्गांनी चांगले आयुष्य लाभू शकते. दोहोंना समान आवश्यक असतात त्या गोष्टी म्हणजे पुरेसे इन्सुलिन, साखर तपासण्याच्या पट्ट्या, दर तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासणी आणि भोवती जाणती माणसे.

यातील शेवटची गोष्ट विकत घ्यावी लागत नाही. वर्गशिक्षक, क्रीडाशिक्षक, अधीक्षक, स्वयंपाकघरातील मावशी, रात्रपाळीचा रखवालदार आणि मुलाचे दोन मित्र यांना वर्षारंभी डॉक्टरांकडून तासाभराचे प्रशिक्षण. प्रत्येक मजल्यावर ग्लुकोजची पेटी. सूचनांचा एक लेखी कागद. जवळच्या रुग्णालयाशी आधीच केलेला संपर्क. आणि गरज पडताच वर्गात साखर तपासण्याची व इन्सुलिन घेण्याची पूर्ण मोकळीक. एवढी तयारी कोणत्याही निवासी शाळेला अशक्य नाही.

पालकांना आमची विनंती आहे की, विशेषतः मुलींच्या बाबतीत, पुढे लग्नाचे कसे होईल या भयाने हा आजार लपवू नये. साखर नीट सांभाळणारी स्त्री शिकते, नोकरी करते, आईही होते. लपविलेल्या आजारात मात्र संकटाच्या वेळी मदत करणाऱ्याला काय करावे हेच कळत नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांत आज डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते, शिक्षक आहेत. त्यांनी वर्षातून एक दिवस, हवे तर १४ नोव्हेंबर, आपापल्या जवळच्या एका वसतिगृहाला द्यावा. बाबासाहेबांनी आपल्याला शिकण्याचा आदेश दिला तेव्हा तो निरोगी मुलांपुरता दिलेला नव्हता. इन्सुलिनच्या बाटलीसह येणाऱ्या मुलालाही बाकावर तितकाच हक्क आहे, आणि तो त्याला मिळवून देण्यास लागणारे ज्ञान आज आपल्या आवाक्यात आहे.